टॅटिंगची लेस : पहिल्या गाठीपासून रुमालाच्या काठापर्यंत

शनिवारी दुपारी माझ्याकडे टॅटिंग शिकायला जी कुणी येते, तिची पहिल्या तासाभरातली तक्रार ठरलेली असते. "अहो, रिंग बंदच होत नाहीये. दोरा सरकतच नाही." रिंग म्हणजे दोऱ्यावर ओळीने गाठी घालून, दोरा ओढून मिटवलेलं छोटं कडं; टॅटिंगची लेस अशाच कड्यांची बनते. गाठी बघाव्यात तर ओळीने छान बसलेल्या असतात, पण शटलचा दोरा ओढला की सगळं जागच्या जागी आवळतं. टॅटिंग सोडून देणारी बहुतेक माणसं याच जागी सोडतात. अडचण एकच आहे आणि ती एकदा हाताला कळली की पुढचं सगळं सरावाचं काम. म्हणून मी या लेखात त्या एका अडचणीवर जास्त वेळ घालवणार आहे. बाकीचं ओघाने येईल.

आधी टॅटिंग म्हणजे काय ते थोडक्यात. क्रोशाला सुई लागते, टॅटिंगला शटल. शटल म्हणजे बोटाएवढी छोटी होडी, तिच्या पोटात दोरा गुंडाळलेला. विणकराच्या धोट्याचं हे धाकटं भावंड. जर्मन भाषेत या कामाला चक्क 'छोट्या होडीचं काम' म्हणतात. इटालियन नाव 'कियाक्येरिनो' हे गप्पा मारण्यावरून आलंय, आणि ते मला सगळ्यांत पटतं, कारण हात चालू असताना तोंड मोकळं असतं. क्रोशाचं एक टोक ओढलं की वीण सरसर उसवते. टॅटिंगची लेस मात्र सगळी गाठींची असते, ती उसवत नाही. तीस-चाळीस वर्षं धुतलेल्या झबल्याची कॉलर विरून जाते आणि काठाची लेस तशीच राहते, ती यामुळेच. अर्थात चूक झाली की हाच गुण डोक्याला ताप देतो.

युरोपात 19व्या शतकात ही कला भरभराटीला आली. 1840च्या दशकात तिचे नमुने छापून येऊ लागले. तेव्हा एकेक रिंग वेगळी करून नंतर दोऱ्याने बांधून किंवा शिवून जोडत. काम चालू असतानाच रिंगला रिंग जोडायची युक्ती शतकाच्या मध्याला निघाली आणि टॅटिंगची खरी लेस झाली.

काय आणायचं

शटल प्लॅस्टिकचं घ्या, साधारण साडेसहा-सात सेंटीमीटर लांब, एका टोकाला चोच असलेलं. चोचीमुळे जोडणीच्या वेळी वेगळी सुई शोधावी लागत नाही. पण पहिल्याच दिवशी पैसे घालायचे नसतील तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. त्यातून सात बाय दोन सेंटीमीटरची पट्टी कापा, दोन्ही टोकांना इंग्रजी व्हीसारखी खाच करा, कडा नखं घासायच्या कानशीने गुळगुळीत करा. खाचेतून उभा दोरा गुंडाळला की झालं शटल. एका कार्डातून अशा दोन पट्ट्या आरामात निघतात. दिसायला काही नाही, पण पहिली दहा रिंगा त्यावर निघतात. हौस टिकते की नाही ते तेवढ्यात कळतं.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र काटकसर नको. क्रोशाचा मर्सराइज्ड सुती दोरा हवा, घट्ट पिळाचा, चकचकीत. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने 1844 मध्ये सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, त्याच्यावरून हे नाव पडलं. पुढे सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली तेव्हा आजची चमक आली. अशा दोऱ्यावर गाठ सरकते. भरतकामाचा सहा पदरी दोरा घेऊ नका, त्याचे पदर सुटतात आणि शटलची चोच मधल्या पदरात घुसते. लोकर तर नाहीच नाही.

दोऱ्याचा नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक. 80 नंबरची लेस बघून भुलू नका. सुरुवात 10 नंबरने करा, दोन आठवड्यांनी 20 वर या. आणि रंग फिका. काळ्या दोऱ्यावर गाठी मोजणं म्हणजे रात्री तांदळातले खडे निवडणं.

याशिवाय लहान कात्री, बोथट टोकाची सुई, चोच नसेल तर अगदी बारीक क्रोशाची सुई आणि हे सगळं ठेवायला एक छोटा डबा. काम सुरू करण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. फोडणी देऊन आलेल्या हाताने पांढरा दोरा धरला की हळदीचा डाग कायमचा, हे मी अनुभवाने सांगते. क्रीमही आधी लावू नका.

शटल भरणं

मधला खांब असलेल्या शटलमध्ये भोक असतं, त्यातून दोरा ओवून गाठ मारा आणि गुंडाळत जा. टोकांमधून दोरा आत जाताना टिक टिक आवाज येतो, तो आला पाहिजे. पाती घट्ट मिटलेली आहेत याची ती खूण. शटलच्या कडेबाहेर दोरा डोकावेल एवढं भरू नका, मळतो आणि अडकतो. काम सुरू करताना साधारण चाळीस सेंटीमीटर दोरा बाहेर मोकळा ठेवा.

दोन हात

उजव्या हातात शटल, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आडवं, चोच पुढे. डाव्या हातात दोऱ्याचं टोक अंगठा-तर्जनीत धरा, उरलेला दोरा मधल्या बोटावरून, अनामिकेवरून, करंगळीला वळसा घालून परत चिमटीत आणा. बोटांभोवती एक मोठं कडं झालं. याला मी हातातला दोरा म्हणेन. चिमटीतून शटलकडे जातो तो शटलचा दोरा. दोन्ही एकाच दोऱ्याचे भाग आहेत, पण त्यांची कामं निराळी आहेत, आणि सगळा गोंधळ त्यातूनच होतो. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करावं.

चिमूट आणि शटल यांच्यात वीतभर दोरा ठेवा. नवीन लोक तो कमी ठेवतात आणि मग गाठ पलटायला जागाच उरत नाही.

गाठ आणि तिची पलटी

टॅटिंगचा पूर्ण टाका दोन अर्ध्यांचा असतो.

पहिला अर्धा : शटलचा दोरा उजव्या हाताच्या बोटांच्या पाठीवर अलगद टाकून घ्या. आता शटल हातातल्या दोऱ्याच्या खालून न्या, डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या जागेतून, आणि त्याच्या वरून परत आणा. जाताना हातातला दोरा शटल आणि तुमच्या तर्जनीमधून निसटतो, येताना शटल आणि अंगठ्यामधून. शटल सोडायचं नाही, दोऱ्याला फक्त वाट द्यायची.

आता थांबा. या क्षणी गाठ शटलच्या दोऱ्याने घातलेली आहे, हातातल्या दोऱ्याभोवती. इथेच ओढलं तर ती आवळली जाईल आणि पुढे रिंग कधीच बंद होणार नाही. डाव्या हाताचं मधलं बोट सैल सोडा, म्हणजे हातातला दोरा ढिला पडेल. त्याच वेळी उजव्या हाताने शटलचा दोरा उजवीकडे ताणून सरळ करा. बघता बघता वळसा एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो. शटलचा दोरा काठीसारखा सरळ आणि हातातल्या दोऱ्याचा वळसा त्याच्यावर बसलेला. ही पलटी. ती झाली की शटलचा दोरा ताणलेलाच ठेवून मधलं बोट हळूच उचला. गाठ त्या सरळ दोऱ्यावरून सरकत चिमटीपर्यंत येते.

दुसरा अर्धा : यात दोरा हाताच्या पाठीवर टाकायचा नाही. शटल हातातल्या दोऱ्याच्या वरून न्या आणि खालून परत आणा. पुन्हा तेच, डावा हात ढिला, उजवा ताठ, पलटी, आणि मग डावं बोट उचलून पहिल्या अर्ध्याला चिकटवा. पूर्ण टाका झाला. वरून आडवी दांडी आणि खाली दोन पाय असा तो दिसतो.

एवढ्यावर भागत असतं तर शनिवारची तक्रार ऐकू आली नसती. वाचून हे कळतं, हाताला कळत नाही, कारण आयुष्यभर आपण गाठ म्हटलं की जो दोरा हलवला तोच ओढत आलोय. म्हणून शिकणाऱ्यांकडून मी एक उद्योग करून घेते. दोन रंगांचे जाड दोरे घ्या, समजा शटलवर लाल आणि हातात पांढरा. टोकं एकमेकांना बांधा, ती गाठ चिमटीत धरा आणि पांढरा दोरा डाव्या हाताच्या बोटांवरून घेऊन करंगळीला दोन वेढे द्या. आता टाके घाला. दिसणारी गाठ पांढरी असेल तर पलटी झाली. लाल असेल तर नाही झाली. वाद नाही, शंका नाही, रंगच सांगतो. मग लाल दोरा धरून टाके मागे-पुढे सरकवून बघा. मण्यांसारखे फिरले पाहिजेत.

पहिले दोन दिवस फक्त हेच करा. लेस नको, रिंग नको. माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यांत लवकर शिकले ते एक निवृत्त घड्याळजी. त्यांनी पहिल्या दिवशी एकही रिंग केली नाही. तासभर एकच अर्धा टाका घालत आणि सोडत बसले, "जीव कुठल्या दोऱ्यात आहे ते बघतोय" म्हणाले. दुसऱ्या शनिवारी येताना सात रिंगा करून आले. बाकीच्या आम्ही बघतच राहिलो.

पहिली रिंग आणि पिको

साडीला फॉल-पिको करून घेतो त्यातला 'पिको' आणि टॅटिंगमधला पिको एकाच फ्रेंच शब्दातून आलेत. टॅटिंगमध्ये पिको म्हणजे दोन टाक्यांमध्ये उभी राहिलेली छोटी कमान. एक टाका झाल्यावर पुढचा त्याला न चिकटवता थोड्या अंतरावर घालायचा, पूर्ण झाला की सरकवून जवळ आणायचा. मधला दोरा आपोआप वर उचलला जातो. अंतर एक सेंटीमीटर असेल तर कमान अर्ध्या सेंटीमीटरची होते. सगळ्या कमानी सारख्या यायला पुठ्ठ्याची अरुंद पट्टी मधे धरा. पण सुरुवातीला डोळ्यांच्या अंदाजाने केलेल्या वाकड्यातिकड्या कमानी मला जास्त आवडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नमुन्यात '5–5–5–5' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पाच पूर्ण टाके, पिको, पाच टाके, पिको, पाच टाके, पिको, पाच टाके. आडवी रेघ म्हणजे पिको. वीस टाके झाले की कडं बोटांवरून काढा, टाके चिमटीत हलकेच धरा आणि शटलचा दोरा ओढा. कडं लहान लहान होत टाक्यांचा गोल मिटतो. काम करता करता हातातलं कडं आखडत जातं, तेव्हा मधे मधे टाके चिमटीत धरून कड्याची खालची बाजू ओढून ते मोठं करून घ्यावं.

एक सवय आजच लावून घ्या. रिंग मिटण्याआधी टाके मोजायचे. प्रत्येक वेळी. अगदी खात्री असली तरी. मिटलेली रिंग उघडता येते, पण त्यात अर्धी दुपार जाते.

उघडायचीच झाली तर असं करा. शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंचे टाके नखांनी एकमेकांपासून लांब ताणा. मधे आतला दोरा किंचित दिसतो. तो सुईच्या टोकाने वर उचलून हळूहळू ओढून घ्या, रिंग सैल होत जाते. पिको नसलेली रिंग असेल तर सरळ कापून टाका, जिवाला त्रास करून घेऊ नका.

रिंगला रिंग

दुसऱ्या रिंगच्या आधी मोकळा दोरा सोडायचा. 20 नंबरच्या दोऱ्यात माझ्या हाताने या मापाची रिंग सव्वा सेंटीमीटर जागा घेते, म्हणून मी तेवढाच दोरा सोडते. तुमचा हात घट्ट असेल तर कमी लागेल. तो फार कमी झाला की पट्टी सरळ न राहता गोल वळायला लागते. गोल करायचाच असेल, उदाहरणार्थ समईखाली ठेवायला, तर हाच दोष उपयोगी पडतो.

दुसऱ्या रिंगचे पाच टाके घाला. आता पहिल्या रिंगचा शेवटचा पिको हातातल्या दोऱ्यावर आणून ठेवा. पिकोच्या आतून शटलची चोच घालून हातातल्या दोऱ्याचा फास वर ओढा. त्या फासातून सगळं शटल पार करा. मग डाव्या बोटांनी फास परत खाली ओढून घ्या, शटलचा दोरा ताठ ठेवूनच. इथे पलटी नसते, पण शटलचा दोरा सरकतोय ना ते लगेच बघा. सरकला नाही तर आत्ताच सैल करा. जोडणी टाक्यात मोजायची नाही. पुढे 5–5–5 घालून रिंग मिटा.

अशी ओळ करत गेलात की पहिली लेस तयार होते. मधला पिको वर मोकळा राहतो, दोन्ही बाजूंचे शेजारणीला धरतात.

यानंतर चेन शिका, पण घाई नको. चेनमध्ये शटलसोबत दोऱ्याचा गुंडाही लागतो. गुंड्याचा दोरा डाव्या हातावर घेऊन करंगळीला वेढायचा आणि तेच टाके घालायचे. कडं नसल्याने मिटायचं काही नाही, फक्त हवी ती कमान येईल इतका शटलचा दोरा ओढायचा. रिंगकडून चेनकडे जाताना काम उलटं करायचं. सुईने करायचं टॅटिंगही असतं, त्यात टाके लांब सुईवर घेतात आणि पलटीची भानगडच नसते. पुष्कळांना ते सोपं जातं. माझ्या मते त्याची लेस किंचित सैल येते. शटल जमत नाही म्हणून कुणी सुईकडे वळत असेल तर माझा आग्रह एवढाच, की आधी दोन रंगांचा उद्योग चार दिवस करून बघा.

रोजचं काम किती

पाव मीटरचा चौकोनी रुमाल घेतला तर चारी बाजू मिळून एक मीटर काठ होतो. सव्वा सेंटीमीटरला एक रिंग, म्हणजे ऐंशी रिंगा. रोज दोन केल्या तर चाळीस दिवस. नवख्या हाताला एक रिंग करायला अर्धा तास लागतो, महिन्याभराने पाच मिनिटांच्या आत येते. म्हणजे हे काम रविवारी बसून उरकण्याचं नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, लोकलमध्ये जागा मिळाली तर ठाणे ते दादर असं करायचं. थांबायचं असेल तर रिंग मिटून मगच थांबा. उघडी रिंग डब्यात टाकली की हातातलं कडं गुंतून बसतं.

कोपऱ्यावर तीन रिंगा मधे मोकळा दोरा न सोडता एकापाठोपाठ करा, एकमेकींना जोडत. त्या पंख्यासारख्या पसरतात आणि लेस कोपऱ्याभोवती वळते.

शटलमधला दोरा संपत आला की नवा दोरा रिंग सुरू करण्याआधीच जोडायचा, रिंगच्या मधे कधीच नाही. गाठ शटलच्या दोऱ्यात आली की रिंग मिटताना टाक्यांत अडकते. दोन्ही टोकं रिंगच्या बुडाशी बांधा आणि सुईने टाक्यांच्या मागे शिवून लपवा. किती दोरा लागतो हे कळायला भरण्याआधी एक मीटरवर पेनाने ठिपका करून त्यात किती रिंगा होतात ते मोजा. प्रत्येकीच्या हाताचा हिशोब वेगळा निघतो.

रुमालाला लावणं

माझ्या पहिल्या रुमालाची गोष्ट इथे सांगायला हवी. दुकानातला कोरा सुती रुमाल, दोन महिने करून झालेली लेस, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हौसेने शिवली. पहिल्याच धुण्यात रुमाल आटला आणि लेस झालरीसारखी फुगून उभी राहिली. तेव्हापासून कापड आधी कोमट पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच मापाला घेते.

लेस शिवण्याआधी तीही सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबा. जाड पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक घालून ओली लेस पसरा, एकेक पिको न गंजणाऱ्या टाचणीने ओढून खोचा आणि पंख्याखाली वाळू द्या. चुरगळलेली गोष्ट अशी काही सुरेख होते, की आपणच केलीय हे खरं वाटत नाही. मोकळ्या दोऱ्याची बाजू रुमालाच्या काठाशी ठेवून बारीक टाक्यांनी, प्रत्येक रिंगच्या बुडाशी एक टाका घेत शिवा.

कानातली किंवा तोरणाची फुलं ताठ हवी असतील तर साबुदाण्याची पातळ खळ द्या. पण जी लेस कपाटात ठेवायची आहे तिला खळ नको, कसर लागते. जुन्या मऊ मलमलीच्या तुकड्यात घडी न घालता गुंडाळून ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उन्हाच्या कडेला, सावलीत, तासभर पसरा.